कळण्याचं माप

आमच्या घरी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीच्या पिठाचं, माप ठरलेलं होतं. चार मापं ज्वारीला एक माप सालासकट काळा उडीद, मूठभर मेथीदाणे, थोडं खडेमीठ. धान्य निवडायचं, उडदाला एक ऊन दाखवायचं आणि डबा चक्कीवर पाठवायचा. लग्न होऊन भुसावळला आले त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे शिकवलं. माझं माहेर यावल तालुक्यातलं. तिथेही कळणाच, पण माप वेगळं. खानदेशात प्रत्येक घराचं माप वेगळं असतं आणि ते कुणी मोडत नाही.

२०२३च्या जानेवारीत मुलगा पुण्याहून आला तो एक यादी घेऊन. त्याने स्वतः सहा महिने ती पाळली होती, अकरा किलो वजन उतरवलं होतं, आणि आता वडिलांची साखर त्याला खाली आणायची होती. यादीचं नाव पॅलिओ. अश्मयुगातला माणूस जे खात होता तेवढंच खायचं: मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, बदाम-अक्रोड. धान्य बंद. डाळी आणि कडधान्यं बंद. दूधदुभतं बंद. साखर, मैदा, रिफाइंड तेल, पाकिटातलं सगळं बंद. म्हणजे आमच्या कळण्यातली ज्वारी धान्य म्हणून बाद झाली आणि उडीद कडधान्य म्हणून.

हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. त्या पदाला २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या वस्तीत अजून गार्डसाहेबच. तीस वर्षांहून जास्त काळ जेवणाला वेळ नाही आणि झोपेला रात्र नाही, अशी ड्यूटी. कॉल आला की मी डबा भरायचे: तीन भाकऱ्या, कोरडी भाजी, ठेचा, एक कांदा. त्यांच्या लाइन बॉक्समध्ये झेंडे, दिवा, नियमांची पुस्तकं आणि शेजारी तो डबा. पण रात्री तीन वाजता यार्डात गाडी थांबली की डबा संपलेला असायचा आणि समोर चहा, बिस्किटं, भजी असायची. २०१९च्या तपासणीत साखर निघाली. सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू झाल्या. मुलगा यादी घेऊन आला तेव्हा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ८.४ होता.

यादी सुरू झाली. चौथ्या दिवशी पहाटे सव्वापाचला यांनी मला हलवून उठवलं. सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५८. पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ८४ झाली, मग दूध-भाकरी दिली. आदल्या रात्री त्यांनी दोन अंडी आणि काकडी-टोमॅटो एवढंच खाल्लं होतं, आणि गोळी मात्र रोजच्यासारखीच घेतली होती.

मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवा अगर जेवू नका, त्या आपलं काम करतात. भाकरी-भात अचानक काढला आणि गोळी तीच ठेवली, तर साखर पार तळाला जाते. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळीची मात्रा कमी केली. ज्यांना असली गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी आहार बदलण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. बदल सुरू करून मग बोलू, असं चालत नाही. ही एवढी गोष्ट कुणी आम्हाला आधी सांगितली असती तर ती पहाट टळली असती, म्हणून मी ती इथे सगळ्यांत आधी सांगते आहे.

पस्तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीचा धडा दर वर्षी शिकवला. त्याच धड्याच्या आधाराने कुणी माझ्या स्वयंपाकघरातून ज्वारी बाहेर काढत असेल, तर तो आधार तपासणं माझं काम होतं. मुलावर रागावून उपयोग नव्हता. त्याचं वजन खरंच उतरलं होतं.

पॅलिओचा विचार अमेरिकेतून आला. १९८५ साली अटलांटाचे डॉक्टर बॉइड ईटन आणि मानववंशशास्त्रज्ञ मेल्विन कॉनर यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाचं शरीर लाखो वर्षांच्या शिकारीवर आणि रानातल्या वेचणीवर घडलं. शेती आली ती जेमतेम दहा हजार वर्षांपूर्वी. शरीर जुनं आणि अन्न नवं, त्यातून मधुमेह आणि हृदयविकार वाढले. पुढे २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांचं 'द पॅलिओ डाएट' हे पुस्तक आलं आणि विचाराचा पंथ झाला. मूळ लेखातला एक आकडा मात्र पंथाच्या लोकांच्या तोंडी फारसा ऐकू येत नाही. ईटन-कॉनर यांच्या अंदाजाने त्या जुन्या माणसाला सुमारे ४५ टक्के ऊर्जा पिष्ट आणि शर्करेतूनच मिळत होती. फळं, कंद, मध यांतून. हा ४५चा आकडा ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

अश्मयुग म्हटलं की आपल्याला परदेशातल्या गुहा आठवतात. पण जळगाव जिल्ह्यातच चाळीसगावजवळ पाटणे आहे. आपण पाटणादेवीला जातो, भास्कराचार्यांचं नाव घेतो, धबधबा पाहतो आणि परत येतो. त्याच पाटण्याला १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथे अश्मयुगाच्या उत्तरकाळातली दगडी हत्यारं मिळाली आणि त्यांच्यासोबत शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे आणि त्याच कवचाचे मणी. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या आहेत. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग पळत होते, आणि इथला माणूस त्यांच्या अंड्यांच्या कवचाला भोक पाडून मणी ओवत होता.

यादी आली त्या वर्षीच्या डिसेंबरात आम्ही तिघं गाडीने चाळीसगावला उतरलो आणि पाटण्याला गेलो. पाहण्यासारखं उघडं असं काही नाही. नाला, शेतं, मागे अजिंठ्याच्या रांगेचा डोंगर, पळस, सीताफळीची झुडपं. मुलगा म्हणाला, "शहामृगाचं एक अंडं म्हणजे कोंबडीची दोन डझन." खरं आहे, सव्वा-दीड किलोचं असतं ते. पण ते किती दिवसांतून एकदा हाती लागत असेल? मला तिथे दुसरंच दिसत होतं. एका बोरीखाली पिकलेली बोरं पडली होती. दोन मुली ओच्यात वेचत होत्या. एक बोर खाल्लं तर त्यात बी केवढं आणि गर केवढासा, आणि तो गरही चावावा लागतो. शंभर बोरं वेचायची तर अर्धा तास वाकायचं. हाडं आणि कवचं मातीत टिकतात, पानं आणि फळं कुजून जातात. म्हणून अश्मयुगाचं चित्र काढताना हातात नेहमी मांस दिसतं. वेचणारे हात राहून जातात.

त्या हातांचा पुरावा मात्र आता थोडा थोडा मिळतो आहे. इटली, रशिया आणि चेक देशात तीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवर पिष्टाचे कण सापडले, २०१०मध्ये ते प्रसिद्ध झालं. तळ्याकाठी उगवणाऱ्या पाणकणसाच्या जातीचे कंद त्या लोकांनी दगडावर वाटले होते. म्हणजे पीठ शेतीच्याही वीस हजार वर्षं आधीचं. दगडावर दगड घासून पीठ काढणारी बाई अश्मयुगात होती. मला तर ती माझ्या आजीच्याच ओळीत बसलेली दिसते.

दुसरी गोष्ट अशी की त्या काळचं अन्न आज बाजारात मिळतच नाही. आपली ज्वारी आफ्रिकेतून आली, बाजरीही तिथलीच; दोन्ही इथे रुजल्याला साडेतीन-चार हजार वर्षं झाली. मिरची, टोमॅटो, शेंगदाणा, बटाटा हे अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आले. मिरचीशिवायचा खानदेश कल्पनेत येतो का? पण तो होता, आणि फार काळ होता. रावेर-सावद्याचं केळं घ्या, पॅलिओच्या यादीत फळ म्हणून त्याला मुभा आहे. त्याचे रानटी पूर्वज बियांनी भरलेले. माणसाने निवडत निवडत बी घालवली आणि गोडवा वाढवला. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम पिष्ट-शर्करा असते. यादीत परवानगी आहे म्हणून यांनी एका बैठकीत चार केळी खाल्ली असती, तर ग्लुकोमीटरने अश्मयुग पाहिलं नसतं. उडीद, मूग, कुळीथ, तीळ आणि वांगं ही मात्र याच भूमीतली पिकं.

शरीरही दहा हजार वर्षांपूर्वी थांबलेलं नाही. मोठेपणी दूध पचवू देणारा जनुकीय बदल शेती आणि पशुपालनानंतरच पसरला. पिष्ट फोडणाऱ्या लाळेतल्या विकराचं जनुक तर ज्या लोकांच्या आहारात पिष्ट जास्त, त्यांच्यात जास्त प्रतींनी आढळतं. वर्गात मी हे शिकवायचे तेव्हा मुलं आपली लाळ चाखून पाहायची. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो तो याच विकरामुळे.

मग पॅलिओत काहीच खरं नाही का? आहे, आणि ते महत्त्वाचं आहे.

१९८२ साली ऑस्ट्रेलियात केरिन ओडीया या संशोधिकेने एक प्रयोग केला. वायव्य ऑस्ट्रेलियातले दहा मूलनिवासी, सगळ्यांना मधुमेह. ते शहराजवळच्या वस्तीत राहत होते, मैदा-साखर-चहावर. ती त्यांना सात आठवडे त्यांच्याच पूर्वजांच्या रानात घेऊन गेली. शिकार, मासे, कंद, मध, जे रानात मिळेल ते. सात आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन उतरलं आणि उपाशीपोटीची साखर जवळजवळ निम्म्यावर आली. हा अहवाल मी दोनदा वाचला. यांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "चालले किती ते लिहिलंय का?" गार्डाचा प्रश्न, आणि अगदी नेमका. त्या लोकांना दिवसाला बाराशेच्या आसपास कॅलरी मिळत होत्या, आणि त्या मिळवायला दिवसभर चालावं लागत होतं. गुण एकट्या मांसाचा नव्हता. साखर-मैदा सुटला, पोट कमी भरलं, पाय चालले, हे सगळं एकत्र घडलं.

स्वीडनमध्ये स्टाफान लिंडेबर्ग यांनी २००७ साली हृदयविकाराच्या २९ रुग्णांना बारा आठवडे पॅलिओ किंवा भूमध्यसागरी धर्तीचा आहार दिला. पॅलिओ गटाची साखर जास्त सुधारली. पुढे मधुमेहाच्या तेरा रुग्णांवरही चांगला परिणाम दिसला. रुग्ण थोडे, मुदत थोडी, पण परिणाम खरा. याच लिंडेबर्ग यांनी पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर जाऊन पाहिलं होतं. तिथले लोक सुरण-रताळ्याच्या जातीचे कंद, फळं, नारळ आणि मासे यांवर जगत. पिष्ट भरपूर, तरी हृदयविकार जवळजवळ नाही. म्हणजे पिष्टच वाईट असंही नाही. ते कुठल्या रूपात, किती, आणि कशासोबत येतं ते पाहावं लागतं.

आपल्या लोकांचा प्रश्न आणखी एक पायरी खोल आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर हेच शोधलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघे शेजारी उभे, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी. हे वाचल्यावर मला आमच्या वस्तीतले किती चेहरे आठवले. "तो तर काडीपैलवान, त्याला कशी शुगर?" असं ज्यांच्याबद्दल म्हटलं गेलं, ते सगळे. चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेल्या देहाला साखर साठवायला जागाच कमी असते.

आणि आता तो ४५चा आकडा. आयसीएमआरच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीने २०२३ साली सांगितलं की भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्याच पाहणीचा आहारावरचा भाग २०२५मध्ये आला: भारतीय माणसाच्या जेवणातली सरासरी ६२ टक्के ऊर्जा पिष्ट आणि साखरेतून येते. त्यात एक निष्कर्ष असा आहे की मला वाचताना थांबावं लागलं. पांढऱ्या तांदळाऐवजी किंवा मैद्याऐवजी गव्हाचं अगर भरडधान्याचं पीठ खाल्लं, पण एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसत नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून तिथे डाळी, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिनं आणली, तर तो कमी झालेला दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शिकेत तेच वेगळ्या शब्दांत म्हटलं: धान्यातून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या वर नको, आणि दिवसाला ४०० ग्रॅम भाजी हवी.

इथे माझा स्वतःचाही एक समज मोडला. भाकरी म्हणजे आरोग्य, पोळी म्हणजे चैन, असं मी मानत आले. १९७२च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली होती, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. आजी म्हणायची, "चावूचावू खाय, मंग गोड लागते." त्यानंतर घरची ज्वारी पिकली तो दिवस मला सणासारखा आठवतो. ज्वारीवर माझी श्रद्धा अशी बसलेली. तिच्याविरुद्ध बोलणं मला जड गेलं. पण एक दिवस मी वजनकाटा घेतला. यांच्या एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागत होतं. तीन भाकऱ्या, २४० ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरच्या आसपास पिष्ट असतं, म्हणजे एका जेवणात १६५ ग्रॅमच्या वर. माझे सासरे तेवढंच खात, पण ते दिवसभर रुळांवर गिट्टी ओढत. हे निवृत्त होऊन खुर्चीत बसलेले.

यादीने डाळी का काढल्या, तेही तपासलं. कडधान्यांत फायटिक आम्ल असतं, ते लोह-जस्त धरून ठेवतं. लेक्टिन नावाची प्रथिनं असतात, ती कच्ची पोटात गेली तर त्रास देतात. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण कच्चा राजमा कोण खातं? भिजवणं, मोड आणणं, आंबवणं, नीट शिजवणं यांनी लेक्टिन मोडतं आणि फायटिक आम्ल कमी होतं. वर लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं. आमच्या आज्या हे रसायनशास्त्र नाव न घेता करत होत्या. आणि मांस न खाणाऱ्या घराने डाळी आणि दूध दोन्ही सोडलं, तर प्रथिनं आणायची कुठून? माझ्या सासूबाई माळकरी होत्या. या घरात अंडं शिजतं ते अजूनही मागच्या ओट्यावर, वेगळ्या भांड्यात. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत अशीच रीत आहे. त्यांच्या हातात बदामाची पिशवी देऊन अश्मयुगात जा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बदामाचा भाव आणि उडदाचा भाव शेजारी ठेवून पाहा.

उलट या यादीने जे जे कारखान्यातलं म्हणून काढलं, त्यावर मी दोन्ही हातांनी सही करीन. खानदेश बदलला तो तिथेच. माझ्या लहानपणी तेल घाण्यावरून यायचं, पितळी कासंडीत, आणि आई ते पळीने मोजायची. आज पाच लिटरचा डबा दोन माणसांच्या घरातही महिन्यात संपतो. शेवभाजी ही पाव्हणा आला तरच व्हायची. आता ती आठवड्यातून तीनदा, वर बोटभर तर्री, आणि शेव म्हणजे तळलेलं बेसन. केळ्याचे वेफर्स घरोघरी. सकाळी चहाबरोबर टोस्ट आणि खारी. यातल्या एकाही गोष्टीला आपण परंपरा म्हणू नये.

खरं जुनं अन्न आपल्याकडे पावसाळ्यात दारात येतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा, तडवी बाया टोपल्यांतून तरोटा, कुर्डू, आघाडा, कटुरली, बांबूचे कोंब आणतात. घोळ आणि तांदुळका तर आपल्या शेताच्या बांधावर उगवतो, आणि आपण तणनाशक मारून तो जाळतो. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी खातं जागोजागी रानभाजी महोत्सव भरवतं. एकदा जाऊन नुसत्या भाज्या ओळखायला शिका. ओळखल्याशिवाय मात्र रानातलं काही तोडून खाऊ नका. आणि हेही विसरता येत नाही की याच सातपुड्यातली कितीतरी मुलं कुपोषित आहेत. ज्यांच्याकडे सगळ्यात जुनं ज्ञान आहे, त्यांच्याच ताटात प्रथिनं आणि तेल कमी पडतं. टोपली विकून ती बाई घरी काय नेते, हे मी विचारायला लागले आहे. कधी तेलाची पिशवी असते, कधी बिस्किटाचे पुडे.

तर आमच्या घरात काय बदललं ते सांगते. ज्वारी काढली नाही. माप बदललं. चाराला एक होतं, ते दोनाला एक केलं. ज्वारीत शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅम प्रथिनं, उडदात तेवीस-चोवीस. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते उडदात भरपूर. उडदात जे कमी पडतं ते ज्वारी देते. कळणा ही जोडी कुणी आणि कधी जुळवली देव जाणे, पण ती जुळवणारी बाई फार शहाणी होती. चक्कीवाले काका कुरकुरले. उडीद जास्त झाला की पीठ चिकट येतं, दगडाला धरतं. "दोन उन्हं दाखवा आणि जाडसर दळू द्या," म्हणाले. तसं केलं.

त्यातून एक फायदा झाला जो मी ठरवला नव्हता. नुसत्या ज्वारीला चिकटपणा नाही, म्हणून भाकरी पातळ थापायला गेलं की कडेला फाटते. उडीद वाढल्यावर पीठ हाताला लोण्यासारखं येतं, कड तुटत नाही, आणि भाकरी कागदासारखी पातळ थापता येते. ८० ग्रॅमची भाकरी ५० ग्रॅमवर आली, ताटात आकार तेवढाच. तव्यावर टाकली की उडदाचा तो भाजका वास येतो, पाठीवर बारीक काळे ठिपके उमटतात. गरम असतानाच खावी लागते, गार झाली की वातड होते. म्हणून आता मी यांना हाक मारून मगच थापते.

ताटाचा क्रमही बदलला. आधी दोन वाट्या भाजी, मग मटकी-मुगाची उसळ किंवा अंडी, शेवटी भाकरी, ती दीड. वाटीभर दही. शेव बंद, साखरेचा चहा बंद. दोघांना महिन्याला एक लिटर तेल, आणि ते घाण्याचं. संध्याकाळी रेल्वेच्या मैदानाला फेऱ्या, पाऊण तास. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की पहाटे साडेपाचला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. यांची ती तपासणी आम्ही आधी करून घेतली होती. आठ महिन्यांनी एचबीए१सी ८.४वरून ६.९वर आलं. वजन सात किलो कमी. एक गोळी राहिली आहे.

मुलगा अजून त्याच्या यादीवर आहे, पण त्याने त्यात दही आणि मूग परत घेतले. आम्ही वाद घालत नाही. दर महिन्याला तो एक डबा कळण्याचं पीठ नेतो आणि त्याच्या खोलीतल्या मित्रांना थापायला शिकवतो.

हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत होतं. चंपाषष्ठीनंतर तर दर रविवारी कुणाकडे ना कुणाकडे बोलावणं असतं. जळगावच्या त्या मोठ्या हिरव्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती भाजायची ती अजून काड्यांच्या जाळावरच. साल काळी पडून फुटते, आतून पाणी सुटतं. मग हातांनी सोलून लाकडी बडगीत मुसळाने ठेचायची, वर भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. पूर्वी त्यावर तेल असं ओतायचे की बोटं बुडावीत, आणि सोबत पुऱ्या. गेल्या डिसेंबरात आमच्या शेतात पुऱ्या केल्या नाहीत. तीस माणसांना कळणा थापला, आम्ही चौघी जणी ओळीने बसून. भरितात तेल पळीनेच घातलं. कुणी काही विचारलं नाही, भरीत दोनदा संपलं आणि दोनदा पुन्हा वांगी भाजावी लागली.

हे प्रत्येक गाडीची वेळ लिहायचे, तशी आता एक वही ठेवतात. तोच हात, तीच रेघ. त्या रविवारचं पान मी आत्ता उघडलं आहे: १३.४० भरीत तीन वाट्या, कळणा दीड, ताक. १५.४० साखर १३८. १७.१५ शेत ते स्टेशन पायी.